कच्चा पाला खायचा कसा: मेथीच्या घोळाण्यापासून लेट्यूसच्या वाडग्यापर्यंत

आमच्या सोलापूरकडच्या घरात हिवाळ्यात ताटाशेजारी पाल्याची जुडी ठेवलेली असायची. कधी कोवळी करडई, कधी मेथी, कधी कांद्याची पात. भाकरीचा एक घास, ठेच्याचं बोट आणि वर दोन पानं. याला कुणी सॅलड म्हणत नव्हतं. पुढे पुण्यात आल्यावर पारदर्शक डब्यात मोजून ठेवलेली लेट्यूसची पानं दिसली आणि त्यांची किंमत वाचून आईने विचारलं, ‘याच्यासोबत भाकरी पण देतात का?’

मी लेट्यूसच्या विरोधात नाही. आठवड्यातून एकदा तरी आणतेच. पण पानात काय काय भरलंय याच्या याद्या जागोजागी सापडतात आणि त्यातलं आपल्या अंगी किती लागतं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते ठरतं बाजार आणि तोंड यांच्या मधल्या वाटेवर. पान किती दिवस ठेवलं, कसं धुतलं, कधी चिरलं, त्यावर तेल पडलं की नाही, यावर. हा लेख त्या वाटेबद्दल आहे.

पायरी १: पानाचं घराणं ओळखा

अळी आली म्हणून पान पळून जाऊ शकत नाही. ऊन, किडे, बुरशी यांच्याशी त्याला जागेवरूनच झुंजावं लागतं. त्यासाठी ते जी द्रव्यं तयार करतं त्यांतली काही आपल्या उपयोगाची निघतात. ही द्रव्यं ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही; जीभ आणि डोळे बऱ्यापैकी काम करतात.

नाकात जाणारा तिखटपणा असेल तर पान बहुधा मोहरीच्या घराण्यातलं. मुळ्याचा पाला, मोहरीचा पाला, कोबी, नवलकोलाची पानं, केल ही सगळी भावंडं. महागडा अरुगुलाही यातलाच. उत्तर भारतात तेलबियांसाठी जो तारामिरा पेरतात, तीच ही वनस्पती. या घराण्याची खासियत म्हणजे ग्लुकोसिनोलेट ही गंधकयुक्त द्रव्यं. ती नुसती असून भागत नाही, त्यांना जागं करावं लागतं. ते चिरण्याच्या पायरीत येईल.

देठ मोडल्यावर पांढरा चीक आला आणि चव कडसर लागली तर सूर्यफुलाचं घराणं. लेट्यूसचं शास्त्रीय नाव लॅक्टुका हे लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरून आलंय, ते या चिकामुळेच. शेताच्या बांधावर उगवणारी पाथरी याच घराण्यातली, तिलाही तसाच चीक. करडईसुद्धा यांची नातलग, म्हणजे आमच्या ताटातला पाला आणि त्या डब्यातला पाला चुलतभाऊच निघाले. लेट्यूसमध्ये चिकोरिक आणि क्लोरोजेनिक आम्लासारखी पॉलिफेनॉल (वनस्पतींची बचावाची द्रव्यं) असतात, आणि लाल-जांभळ्या लेट्यूसमध्ये त्यांच्या जोडीला जांभळात असतं तसं अँथोसायनिन हे रंगद्रव्य. हा लाल रंग उन्हात चांगला चढतो. सावलीत वाढलेलं लाल लेट्यूस फिकट राहतं, तेव्हा निवडताना गडद पाहून घ्या.

पालक, चाकवत, माठ, राजगिरा आणि बीटची पानं हे तिसरं घराणं. यांना फारशी चव नाही म्हणून कमी लेखू नका, इथे रंग बोलतो. गडद हिरव्या पानात क्लोरोफिलच्या आड कॅरोटिनॉइड ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं लपलेली असतात: बीटा-कॅरोटिन, ल्युटिन, झियाझँथिन. शेवटची दोन आपल्या डोळ्याच्या पडद्यावर, नेमक्या दृष्टीच्या मध्यबिंदूपाशी साठतात आणि निळा प्रकाश गाळतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यांत १०० ग्रॅम कच्च्या पालकात ही दोन मिळून सुमारे १२ मिलिग्रॅम दिली आहेत, रोमेन लेट्यूसमध्ये सुमारे २.३, आणि बर्गरमध्ये असतं त्या फिकट, कुरकुरीत आइसबर्गमध्ये ०.३ मिलिग्रॅमच्या आत. कोबीच्या गड्ड्यातही तेच: बाहेरच्या हिरव्या पानांत जे असतं ते आतल्या पांढऱ्या पानांत नसतं, आणि आपण नेमकी बाहेरची पानं टाकतो. किडकी, मळकी टाकाच. चांगली हिरवी असेल ती ठेवा.

कोथिंबीर, शेपू, पुदिना यांच्यात सुगंधी तेलं असतात आणि कोथिंबिरीत क्वेर्सेटिन हे पॉलिफेनॉलही चांगलं असतं. ते कांद्याच्या पातीतही असतं, म्हणून पातीचा हिरवा भाग टाकू नका. मेथीचा कडूपणा सॅपोनिन नावाच्या द्रव्यांचा. आणि घोळ, ती जमिनीलगत पसरणारी, जाड पानांची, आंबटसर भाजी: हिच्यात अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ मेद असतं, आणि हिरव्या पाल्याच्या मानाने बरंच. तण म्हणून उपटतात बिचारीला.

आठवड्याच्या बाजारात यांतल्या निदान तीन घराण्यांतलं एकेक काही पिशवीत पडलं की निवड झाली. अळू मात्र या खेळात नाही. त्याच्या पानातले सुईसारखे ऑक्झॅलेटचे स्फटिक घशाला खाज आणतात, ते शिजवूनच खायचं.

पायरी २: आणलेलं पान लवकर खा

फोलेट या जीवनसत्त्वाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती परळची आहे. ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा शोध ती परळच्या हाफकिन संस्थेत घेत होती. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कात नेमकं काय आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. १९४१ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून, फोलियमवरून, त्याला फोलिक आम्ल हे नाव दिलं. फोलेट ते हेच.

पण पानाच्या नावाचं हे जीवनसत्त्व पानात फार काळ टिकत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २००४ मध्ये पिशवीबंद पालक वेगवेगळ्या तापमानाला ठेवून पाहिला. फ्रिजच्या ४ अंशांत ८ दिवसांनी आणि २० अंशांत ४ दिवसांनी त्यातलं फोलेट जवळपास निम्म्यावर आलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावर पडलेल्या जुडीचा हिशेब तुम्हीच करा.

तेव्हा जुडी घरी आली की दोरा सोडा, पिवळी आणि चिरडलेली पानं काढून टाका, बाकीचा पाला न धुता कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. धुऊन ओला ठेवलेला पाला सडतो. मेथी, कोथिंबीर दोन-तीन दिवसांत संपवायची. कच्ची खायची असेल तर दुसऱ्याच दिवशी. चौथ्या दिवशी उरली तर पराठ्यात जाते.

पायरी ३: धुणं, आणि इथे आळस नको

कच्चा पाला खाण्यातला खरा धोका पानातल्या कुठल्या द्रव्याचा नाही, पानावर चिकटून आलेल्या गोष्टींचा आहे. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या भाज्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. पण शुद्ध गावाकडून आलेली जुडीही कुठल्या ओढ्यात खंगाळली गेली ते आपल्याला माहीत नसतं. विषमज्वर, आमांश, जंत हे सगळं पानावरून येऊ शकतं. डुकरातल्या पट्टकृमीची अंडी पानावरून पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊ शकतात. जन्मात मांस न खाल्लेल्या माणसांनाही हा आजार होतो, तो असा.

मी एकदा पाहुणे दारात असताना कोथिंबीर नुसती नळाखाली धरली आणि पचडीवर घातली. पुढचे पाच दिवस घरातल्या चौघांनी ताक-भात खाल्ला. तेव्हापासूनचा माझा क्रम असा आहे:

१. मुळं आणि खालचे मातीचे देठ आधीच कापून टाकायचे.

२. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला बुडवायचा, हाताने हलवायचा, पाच मिनिटं थांबायचं. माती तळाशी बसते. मग पाला वर उचलून घ्यायचा, पाणी ओतून द्यायचं. पातेलं पाल्यासकट चाळणीत उपडं केलं की तळाची माती पुन्हा पानांवर येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं. समुद्रमेथी, म्हणजे ती रेतीत वाढवलेली बोटभर मेथी, असेल तर चार-पाच पाणी लागतात.

३. वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली पानं दोन्ही बाजूंनी चोळायची. जंतांची अंडी जंतुनाशकाला दाद देत नाहीत, ती चोळण्यानेच निघतात.

४. कच्चंच खायचं असेल तर भाज्या धुण्यासाठी मिळणारं क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात वापरायचं. सर्वसाधारण माप ५० पीपीएमचं असतं, म्हणजे एक लिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम क्लोरीन. त्यानंतर पुन्हा पिण्याच्या पाण्याने धुवायचं. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात नको.

मिठाच्या पाण्याने अळ्या सुटून वर येतात, तेवढ्यापुरतं ते ठीक आहे. त्याने जंतू मरतात या भरवशावर राहू नका.

पाला धुऊन झाल्यावर कोरडा करणं हा कंटाळवाणा भाग, पण तेल ओल्या पानाला धरत नाही. पानं स्वच्छ पंचात घ्या, चारही टोकं मुठीत धरा आणि बाल्कनीत जाऊन गोफणीसारखा पंचा गरगर फिरवा. शेजारी बघतात. बघू देत.

मोड आलेली मेथी कच्ची खाणाऱ्यांना एक गोष्ट सांगते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली. माग काढत गेल्यावर सगळ्यात जास्त संशय इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांच्या मोडांवर गेला. मोड येताना ऊब आणि ओल असते आणि ती जंतूंनाही आवडते. दाण्यावर जंतू असेल तर तो मोडाबरोबरच वाढतो. मोडांना वाफ द्यावी, हे माझं मत.

पायरी ४: चिरा, मग थांबा

आधी धुवा, मग चिरा. उलट केलं तर क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्याबरोबर मोरीत जातं. पालक, लेट्यूस, मेथी खायच्या जरा आधीच चिरावी किंवा हाताने तोडावी.

मोहरीच्या घराण्याला मात्र वेगळी वागणूक. यांच्या पानात ग्लुकोसिनोलेट एका खोलीत आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या खोलीत असतं. अळीने पान कुरतडलं की मधली भिंत तुटते, दोघं भेटतात आणि झणझणीत आयसोथायोसायनेट तयार होतं. पानाच्या दृष्टीने ते अळीला हाकलण्याचं हत्यार आहे. आपल्या शरीरात मात्र ही द्रव्यं पेशींची स्वतःची विषहारक विकरं कामाला लावतात. त्यांतलं सल्फोराफेन ब्रोकोलीतून वेगळं काढून हा गुण १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलाले आणि सहकाऱ्यांनी दाखवला. म्हणून मुळ्याचा पाला, कोबी, केल बारीक चिरायचं आणि निदान दहा मिनिटं, सवड असेल तर अर्धा तास तसंच ठेवायचं. कच्चं खाणार असाल तर नीट चावण्यानेही तेच घडतं. शिजवणार असाल तर हा थांबा चुकवू नका, कारण उष्णतेने विकर मरतं, पण आधी तयार झालेलं द्रव्य बऱ्यापैकी टिकतं.

आता आपल्या स्वयंपाकघरातली एक युक्ती. कोबी थेट शिजवून मोकळे झालात? वरून थोडी फेसलेली मोहरी घाला. मोहरी पाण्यात फेसताना जो झटका डोळ्यांत येतो तो मायरोसिनेजच्या याच कामाचा. फेसलेल्या मोहरीतलं विकर शिजलेल्या भाजीतल्या ग्लुकोसिनोलेटवर काम करू शकतं. भाजी मात्र कोमट झालेली हवी. फोडणीतल्या मोहरीचा इथे उपयोग नाही, तडतडताना तिचं विकर गेलेलं असतं.

पायरी ५: तेल घाला, न लाजता

हा सगळ्यात मोठा मुद्दा आणि वजन कमी करणाऱ्यांना न आवडणारा. कॅरोटिनॉइड मेदात विरघळतात, पाण्यात नाही. आयोवा स्टेट विद्यापीठात वेंडी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लोकांना पालक, रोमेन, गाजर, टोमॅटोचं सॅलड खायला दिलं. एकदा बिनतेलाचं, एकदा ६ ग्रॅम आणि एकदा २८ ग्रॅम कॅनोला तेल घालून. मग रक्त तपासलं. बिनतेलाच्या सॅलडमधून कॅरोटिनॉइड जवळपास शोषली गेलीच नाहीत. ६ ग्रॅमने ती येऊ लागली, २८ ग्रॅमने आणखी वाढली. थोडक्यात, नुसतं लिंबू पिळून खाल्लेल्या पालकातलं बीटा-कॅरोटिन बहुतेक आलं तसं निघून जातं.

वाडगाभर पाल्याला दीड-दोन चमचे तेल पुरे. ऑलिव्ह तेलच हवं असं काही नाही. घाण्याचं शेंगदाणा किंवा करडईचं तेल छान लागतं. दाण्याचा कूट घातला तर तेल आणखी कमी चालतं, कारण शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेलच असतो. ओलं खोबरं, तीळ, सायीचं दही हेही चालतं. पाल्यासोबतच्या जेवणात तूप-तेल असेल तर तेही मोजा. क जीवनसत्त्व आणि के जीवनसत्त्व एकाच पानात असली तरी पहिलं पाण्यात, दुसरं मेदात विरघळतं. पान शिळं होताना पहिलं कमी होत जातं, म्हणून सुरकुतलेला पाला तेलात घोळून खाणाऱ्याला दुसरं मिळतं, पहिलं फारसं नाही.

लिंबू सगळ्यात शेवटी, वाढताना. आम्लाने क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निसटतं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. शिवाय मीठ-लिंबू आधी घातलं की पाणी सुटतं. पण लिंबू हवंच. पानातलं लोह सहजी शोषलं जात नाही आणि क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर ही मदत बरीचशी वाया जाते.

या सगळ्या पायऱ्या एकत्र पाहायच्या तर मेथीचा घोळाणा करा. चौघांसाठी कोवळ्या मेथीची एक जुडी निवडून, धुऊन, कोरडी करून जाडसर चिरा. एक कांदा बारीक चिरून त्यात मीठ आणि हिरवी मिरची किंवा लाल तिखट घालून हाताने चुरडा. मेथी घाला, चार चमचे भाजलेल्या दाण्याचा कूट, दोन चमचे कच्चं शेंगदाणा तेल, आणि हलक्या हाताने घोळा. फार चुरडली तर मेथी कडू होते. वरून लिंबू, सोबत गरम भाकरी. त्यात थोडा मुळ्याचा पाला किंवा कोवळ्या हरभऱ्याचा शेंडा मिसळला तर घराणीही वाढतात. लेट्यूसलाही हाच मसाला लावून पाहा. माझ्या मुलीला तो बाटलीतल्या ड्रेसिंगपेक्षा आवडतो.

कुणी जपून खावं

पालक, माठ, चाकवत, घोळ यांच्यात ऑक्झॅलेट बरंच असतं. मूतखडा होऊन गेला असेल तर हे पाले कच्चे रोज खाऊ नका. उकळून पाणी टाकलं की बरंचसं ऑक्झॅलेट जातं. दह्याबरोबर खाल्लं तर दह्यातलं कॅल्शियम ते आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून घोळीची किंवा पालकाची दह्यातली कोशिंबीर ही चांगली जोडी आहे. पालकाचे मोठे ग्लास भरून रस पिण्याचा नाद मात्र सोडा. अशा रसांनी मूत्रपिंड बिघडल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. वाडगाभर पाला चावून खाणारा माणूस आपोआप थांबतो, ग्लास पिणारा थांबत नाही.

वॉरफरिन किंवा असेनोकूमरॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाचा औषधाशी सामना होतो. पाला बंद करायचा नाही. रोज साधारण तेवढाच खायचा आणि प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमचं पथ्य असेल तरीही तसंच.

अरुगुला, पालक, बीटची पानं, लेट्यूस यांत नायट्रेट भरपूर असतं. जिभेच्या मागच्या भागावरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं, जे रक्तवाहिन्या सैल करतं. या वायूच्या कामाबद्दलच १९९८ चं नोबेल दिलं गेलं. जंतुनाशक माउथवॉशने रोज चूळ भरणाऱ्यांचे ते जंतू मरतात आणि ही साखळी तुटते. दुसरी बाजू अशी की शिजवलेला पालक बाहेर उबेत पडून राहिला तर नायट्राइट भांड्यातच तयार होऊ लागतं. तान्ह्या बाळांना ते सोसत नाही. त्यामुळे बाळाला पालकाचं काही द्यायचं असेल तर ते डॉक्टर सांगतील त्या वयात आणि ताजंच.

आणि गोळ्यांबद्दल. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे तर १८ टक्के जास्त आढळला. पानातून असं कुणाला कधी झाल्याचं दिसलेलं नाही. ल्युटिनच्या गोळ्या डोळ्यांच्या काही ठरावीक आजारांत डॉक्टर देतात, ते वेगळं.

घोळाणा उरला तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कच्चा खाऊ नका; मिठाने पाणी सुटून तो लिबलिबीत होतो. ज्वारीच्या पिठात कालवून थालीपीठ लावा, कूट आणि तेल आत असतंच.